फडक्याचा एक किलो

ये, अशी जवळ सरक. कागदावर का होईना, पण जवळ बैस, म्हणजे मला ओरडून बोलावं लागणार नाही. तू माझी धाकटी बहीण. वरवट बकालहून जळगाव जामोदला बसनं किती वेळ लागतो गं? पाऊण तास. तेवढा पाऊण तास तुला दोन वर्षांत सापडला नाही. पण लग्नाच्या मांडवात चार बायांना गोळा करून सांगायला मात्र सापडला, की आमच्या बाईनं नातीला उपाशी ठेवलं, काट्याला टांगलं अन् लाथा खायला बुलढाण्याला नेलं. मला विचारायचं सोडून त्यांना कशाला सांगितलंस? तरी मी रागावले नाही, कारण तू खोटं बोलली नाहीस. टांगलं होतं, खरंच टांगलं होतं. पण अर्ध्या गोष्टीनं माणूस वाईट दिसतं, म्हणून उरलेली अर्धी लिहून काढते. माझी शाळा चौथीत सुटली, पुढचं लिहिणं मी नातीच्या जुन्या वह्यांतल्या कोऱ्या पानांवर शिकले. तेव्हा अक्षर वाकडं दिसलं तर चष्मा पुसत बसू नकोस. अक्षरच वाकडं आहे.

पोरगी सहावीत असताना गावात एक तरुण सर आले. कोरिया देशातला तायक्वांदो नावाचा खेळ शिकवायचे, लाथांचा. मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये ज्या दिवशी लग्न नसेल त्या दिवशी गाद्या अंथरायच्या अन् पोरं गोळा करायची. लग्नसराईत शिकवणी बंद. पहिल्या दिवशी ही घरी आली अन् उंबऱ्याबाहेर उभी राहून कमरेतून वाकली. मी म्हटलं, काय पडलं खाली? तर म्हणे, गादीवर पाय ठेवायच्या आधी असं वाकावं लागतं. मी म्हटलं, मग घरालाही गादीच समज. तेव्हापासून ती रोज वाकूनच घरात येते, अन् पाय धुऊन येते, जे तिची आई पाच वर्षं सांगून थकली होती.

मोजायचंही त्यांचं वेगळं. हाना, दूल, सेत, नेत, दासोत. ती अंगणात लाथा मोजायची, मी ओट्यावर बसून ऐकायची. मागल्या उन्हाळ्यात उडदाचे पापड मी कोरियन भाषेत मोजले. दहाच्या पुढं मला येत नाही, म्हणून दहा-दहाच्या चळती लावल्या.

त्या खेळात दोन गोष्टी असतात. एक पूमसे, म्हणजे समोर कोणी नसताना एकट्यानं करायची लढाई. हात अडवतो, पाय मारतो, माणूस इकडं वळतो, तिकडं वळतो, अन् शेवटी जिथून निघाला तिथंच येऊन उभा राहतो. राहायला पाहिजे, असं म्हण. हिची गाडी चुकायची. मी सडा टाकल्यावर तिच्या निघायच्या जागी रांगोळीचा एक ठिपका द्यायला लागले. शेवटी ती ठिपक्यापासून वीतभर लांब. मी तांदूळ निवडता निवडता सांगितलं, दुसऱ्या वळणाला तुझं पाऊल मोठं पडतं. ती म्हणाली, तुला काय कळतं त्यातलं. तिसऱ्या दिवशी तिनं पाऊल आखूड टाकलं अन् नेमकी ठिपक्यावर आली. माझ्याकडं पाहिलं नाही. पण दुसऱ्या सकाळपासून रांगोळीचा डबा स्वतःच माझ्या हातात आणून द्यायला लागली.

दुसरी गोष्ट लढत. छातीला पॅड, डोक्याला टोप, समोर खरी पोरगी. छातीला लाथ बसली की दोन गुण, डोक्याला बसली की तीन, ठोशाचा एक. गादीच्या रेघेबाहेर पाय पडला की समोरचीला एक फुकट. इथं आमची अडायची. पूमसेत वाघीण, अन् लढतीत सारखी मागं मागं.

आता तिच्या बापाचं सांगते. माझा लेक हायस्कुलात गणित शिकवतो, तुला माहीतच आहे, बोलतोही गणितासारखाच. पोरगी नववीला गेली तेव्हा त्यानं तिला समोर बसवलं अन् सांगितलं, यंदा जिल्ह्याला जा. आपल्या वजनगटात पहिली आलीस अन् विभागाला निवड झाली, तर पुढं खेळ. नाही झाली, तर पांढरे कपडे पेटीत अन् दहावीचा अभ्यास. दुष्टपणानं नाही गं. दहावीत खेळापायी घसरलेली पोरं त्यानं वर्गात पाहिलेली. पोरीनं वाद घातला नाही. नुसतं "हाव" म्हणाली. त्या एका शब्दावर आमचं घर पाच महिने चाललं.

संध्याकाळी मी तिच्यासाठी लाथ मारायची चपटी गादी हातात धरून उभी राहायची. धरता धरता माझ्या ध्यानात आलं.

"मांगं काऊन सरून राह्यली?"

"लाथ लागते न, आजी."

"लांब उभी राह्यते म्हणूनच लागते."

अन् मग तिला मी आपल्या माहेरची ती लाथाळी म्हैस सांगितली. आठवते न तुला? ती मारायच्या आधी पाय उचलायची नाही. आधी सगळा भार दुसऱ्या मागच्या पायावर टाकायची, अन् मग मारायची. म्हणून मारणारा पाय पाहायचा नाही, उभा राहणारा पाहायचा. अन् लांब बसून दूध काढलं, की लाथ पुरा जोर घेऊन यायची. तिच्या कुशीला डोकं टेकवून अगदी चिकटून बसलं, की नुसता धक्का. मी चिकटून बसायची. तू भ्यायचीस, लांब बसायचीस, म्हणून तुझ्या गुडघ्यावर ती खूण आहे अन् माझ्या नाही.

पोरीला हसू आवरेना. ही म्हैस तू आत्ता बनवली, म्हणे. तरी तिनं सरांना जाऊन सांगितलं. सरांनी म्हणे हातातली गादी खाली ठेवली. मग म्हणाले, दोन महिने मी दुसरं काय सांगून राह्यलो? त्यांनी तिला रोज जवळ घुसायचा सराव द्यायला सुरुवात केली. ती घुसायची, अन् पाय आपोआप मागं यायचे. पायाला सांगून कळत नाही काही गोष्टी.

खाण्याचंही त्यांनी लिहून दिलं होतं. अंडी, दूध, सोयाबीन, मोड आलेले मूग, फळं. तळलेलं बंद, साखर बंद. ती यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. मी माळकरी, तेव्हा अंडी अंगणातल्या चुलीवर वेगळ्या भगुन्यात उकडायची असं सुनेनं ठरवलं, अन् त्या वेळी मी मागच्या दारी जाऊन बसायची. बाकी यादीत मला नवं काही दिसलं नाही. मी सरांना निरोप धाडला, प्रोटीन म्हणजे तुरीच्या सोल्यांच्या आमटीत असतं तेच असेल, तर आमच्या घरी ते आधीपासून आहे.

पण जिल्ह्याची तारीख जवळ आली अन् पोरीनं भाकर सोडली. तिचा गट चव्वेचाळीस किलोच्या आतला. एक ग्रॅम वर गेलं तरी बाहेर काढतात. सकाळी काकडी, दुपारी मूग, संध्याकाळी पाणी अन् माझ्याकडं रागानं पाहणं. तू म्हणतेस मी उपाशी ठेवलं. बाई, मी ताटावर बसून रडायची तेवढी राहिले होते.

वजन पाहायला घरात दुसरं काय असणार? कापूस मोजायचा काटा. घड्याळासारख्या गोल तबकडीचा, आढ्याला टांगलेला. खालच्या आकड्यात दोरीचा फास अडकवायचा, पोरगी दोन्ही हातांनी लोंबकळायची अन् गुडघे पोटाशी घ्यायची. मी स्टुलावर उभी राहून सुई वाचायची. हे तू मांडवात सांगितलंस ते टांगणं. ते काम माझंच होतं अन् मला त्याचा मोठा अभिमान होता. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मला बारीक रेघ दिसते.

चार दिवस उरले तेव्हा सुई साडेत्रेचाळीसवर. मी स्टुलावरूनच सांगितलं, अर्धा किलो हातात आहे, आता खा. ती नाही म्हणाली. मी म्हटलं, काट्यावर विश्वास नाही का माझ्यावर नाही? मग तिनं खाल्लं. तुपाच्या दशम्या खाल्ल्या, मेथीचं पिठलं खाल्लं, एका संध्याकाळी वाटीभर शिरा खाल्ला अन् वाटी चाटली. शेवटच्या दिवशी सुई चव्वेचाळीसला टेकता टेकता, पण आत. मी म्हटलं, झालं.

लेकाला शाळा, सुनेला शेतात वेचणी, म्हणून तिच्यासोबत मी गेले. सकाळची पहिली बस. नांदुरा, मोताळा, मग घाट. तिनं पाण्याचा घोट घेतला नाही. सर अन् बाकीची पोरं पुढच्या सीटवर, ही माझ्याजवळ, डबा माझ्या मांडीवर.

वजनाच्या खोलीत जमिनीवर ठेवायचा काटा होता, लाल आकड्यांचा. ती चढली. चव्वेचाळीस किलो नऊशे ग्रॅम. उतरली, पुन्हा चढली. तेच.

सर म्हणाले, काय खाल्लंस काल? ती म्हणाली, आजीनं काटा पाहिला होता. अन् माझ्याकडं वळून पाहिलं. त्या पाहण्यात शंका नव्हती गं. माझ्याकडून काही चुकेल हे तिच्या मनातच आलं नव्हतं. अन् त्याच क्षणी मला आठवलं.

वेचणीच्या पहिल्या दिवशी मीच स्क्रू फिरवून काट्याची सुई शून्याच्या एक किलो मागं घेतली होती. तुझ्याही घरी घेतात. बाया कापूस फडक्यात बांधून आणतात, फडकं दवानं भिजलेलं असतं, त्याचा एक किलो धरतात. सगळ्या बायांसमोर सुई मागं घेतात, साऱ्यांना मान्य असतं, हंगाम संपेपर्यंत कोणी तिला हात लावत नाही. दर वर्षी करतो. पण माझी नात काही फडक्यात बांधलेली नव्हती. साडेत्रेचाळीस म्हणून मी खाऊ घातलं, तेव्हाच ती साडेचव्वेचाळीस होती.

मी गप्प राहिले. हे मी तुला सांगते, अजून कोणाला असं सांगितलेलं नाही. सर तिला बोलत होते अन् मी डब्याच्या झाकणाकडं पाहत होते.

सरांनी दोन वाटा सांगितल्या. वजनाची वेळ संपायला अजून पाऊण तास होता. दोन-तीन स्वेटर घालून मैदानाला फेऱ्या मारायच्या, घाम गाळायचा. वजन कदाचित उतरेल, पण लढताना पायात काही उरणार नाही. नाहीतर वरच्या गटात, शेहेचाळीसच्या आत, नाव बदलून घ्यायचं. तिथं डोणगावची पोरगी होती, मागच्या वर्षीची पहिली, हिच्यापेक्षा हातभर उंच. पोरगी म्हणाली, मी पळते. अन् बापाची अट तिच्या तोंडावर दिसत होती मला. एक स्वेटर तिनं घातला, एक मैत्रिणीचा घातला, अन् माझ्यापुढं हात केला.

"आजी, तुहा स्वेटर दे."

मी काढलाही अंगातून. तिच्या हातात द्यायला गेले अन् हात पुढं जाईना.

"सर," मी म्हटलं, "ते वजन पोट्टीचं नाही. फडक्याचं हाय."

सर कापूसवाल्या घरचेच. माझं वाक्य पुरं व्हायच्या आधी त्यांना कळलं. ते बाकावर बसले अन् कपाळाला हात लावला. पोरीला उलगडायला थोडा वेळ लागला. मग तिनं एक स्वेटर काढला, दुसरा काढला, मैत्रिणीचा घडी करून तिला परत दिला. सरांना म्हणाली, वरच्या गटात लिहा. माझ्याकडं न पाहता म्हणाली, डबा दे.

दोन दशम्या खाल्ल्या तिनं, शेंगदाण्याच्या चटणीसोबत. अन् एवढं करून ठेवल्यावरही माझ्या मनात काय आलं असेल? पोरगी पोटभर जेवते आहे, हे बरं झालं. माझं मन असं आहे, काय करू.

वरच्या गटात चारच पोरी. पहिली लढत ती सहज जिंकली. मी वर पायऱ्यांवर बसले होते, माझ्याशेजारी एक बाई. तिनं सुपारी पुढं केली, मी घेतली, दोघींनी पोरी किती बारीक झाल्या म्हणून हळहळ केली. मग शेवटची लढत आली. आमची निळी, डोणगावची लाल. तीन फेऱ्या, दोन जिंकेल ती पहिली. पहिल्या फेरीत आमची मागं, मागं, मागं. दोनदा छातीला बसली, एकदा टोपावर, एकदा रेघेबाहेर. फेरी गेली.

मधल्या मिनिटात सर तिच्यापुढं वाकून सांगत होते. ती मान हलवत होती, पण डोळे शोधत होते मला. सकाळपासून पहिल्यांदा पाहिलं तिनं माझ्याकडं. आता एवढ्या लांबून मी काय सांगणार? ओरडून म्हैस म्हणणार? मी शेजारच्या बाईच्या खांद्यावर डोकं टेकवलं. गच्च. कुशीला टेकवतो तसं. अन् हातांनी धार काढल्यासारखं केलं. ती बाई घाबरली, म्हणाली, चक्कर येऊन राह्यली का, बाई? पण पोरगी खाली हसली. टोपातूनही दिसलं मला.

दुसऱ्या फेरीत तिनं लाल पोरीचा उभा पाय पाहिला. भार पडला की ही आत. लाथ यायची ती नुसती मांडीचा धक्का व्हायची. आत शिरून एक ठोसा, अन् लाल मागं सरली की सरकत्या छातीवर लाथ. एकदा, दोनदा, तीनदा. फेरी आमची. माझ्या शेजारच्या बाईनं पदर तोंडाला लावला होता. तेव्हा मला कळलं, मी डोणगावच्या पोरीच्या आईच्या खांद्यावर डोकं टेकवलं होतं.

तिसरी फेरी बरोबरीत चालली. शेवटी शेवटी डोणगावची हुशार पोरगी, आमची आत शिरली की तिला दोन्ही हातांनी लोटायला शिकली. एका धक्क्यानं आमचीची टाच रेघेबाहेर गेली. एक गुण. तेवढ्यानं गेलं.

दोघी एकमेकींना कमरेतून वाकल्या. वर आम्ही दोघीही उठून वाकलो, कोणी सांगितलं नव्हतं तरी. ती बाई म्हणाली, तुमची पोट्टी म्हशीसारखी अंगावर येते. मी म्हटलं, म्हैस तुमची, आमची दूध काढणारी. मग तिला सगळं सांगावं लागलं, अन् ती डोळे पुसेपर्यंत हसली.

परत येताना बसमध्ये पोरगी खिडकीकडं तोंड करून बसली. घाट उतरताना तिला डुलकी लागली अन् डोकं माझ्या खांद्यावर आलं. मी मोताळ्यापर्यंत खांदा हलवला नाही.

दिवेलागणीला घरी पोचलो. लेक ओट्यावर वह्या तपासत होता. काय झालं, असं त्यानं विचारायच्या आत ती वाकून उंबरा चढली अन् म्हणाली, "दुसरी आली. वजन मीच वाढवलं. मीच जास्त खाल्लं."

मला वाटलं जमीन फाटावी. दिवसभर बोलली नाही ती माझ्याशी, अन् बापापुढं मला झाकायला उभी. मी म्हटलं, खोटं बोलते ती, काट्याची सुई मी मागं घेतली होती. ती म्हणाली, नाही, मीच. लेकानं लाल पेन खाली ठेवला.

"दोघी बी माझीच चूक म्हणता, तं मी वही कोणाची तपासू?"

मग तो उठला, आत गेला, काट्यापाशी. रिकामा आकडा लोंबत होता अन् सुई शून्याच्या मागं. त्यानं बराच वेळ पाहिलं. आम्ही दोघी दारात, गुन्हेगारांसारख्या.

"माय," तो म्हणाला, "मी अट घातली ते कोणत्या गटाची?"

"चव्वेचाळीसची."

"त्या गटात ही खेळली?"

"नाही."

"जो पेपर दिलाच नाही, त्यात नापास कशी करू? पुढच्या वर्षी घेऊ." अन् पोरीकडं वळून, "दहावी अन् हे, दोन्ही करशीन?"

"हाव," ती म्हणाली.

मग ती स्वयंपाकघरात आली अन् माझ्या पाठीवर हलकीच लाथ लावली, नुसता तळवा. म्हणाली, भूक लागली, तुझ्या काट्यावर मला किती जागा आहे ते सांग. तेव्हा मला रडू आलं, सकाळपासूनचं.

तर अशी ती गोष्ट आहे. काटा अजून तिथंच आहे. फडक्याचा किलो आम्ही सोडला नाही, तो बायांचा अन् आमचा ठराव आहे. पण तबकडीवर आता सुनेच्या नेलपॉलिशचा एक लाल ठिपका आहे, पोरीच्या शून्याचा. ती दहावीत आहे, यंदा सरळ शेहेचाळीसच्याच गटात उतरणार, अन् भाकर खाऊन उतरणार. डोणगावच्या पोरीशी तिचं फोनवर रोज बोलणं असतं. दोघी एकमेकींना काय खाल्लं ते सांगतात अन् थोडं खोटं सांगतात. येत्या सुट्टीत डोणगावची पोरगी चार दिवस आपल्याकडं राहायला येते आहे, मंगल कार्यालय रिकामं असलं तर दोघींचा सराव होईल.

त्या चार दिवसांत तू ये. तुझं काम आहे इथं. त्या दोघी म्हणतात, आजीची म्हैस कधी नव्हतीच, आजीनं ती बनवली. सरही तसंच हसतात आता. मी कितीही शपथा घेतल्या तरी पुरावा तुझ्याच गुडघ्यावर आहे. सकाळच्या बसनं ये, संध्याकाळी जायची घाई करू नकोस, अन् लुगडं जरा वर धरून त्यांना ती खूण दाखव.